जिलेटिन पेपर, गॉगल, रंगीत काच: यांनी लेझर अडतो का?

लाल लेझर पॉइंटरपुढे हिरवा जिलेटिन पेपर धरला की भिंतीवरचा ठिपका मंदावतो. कागदाची घडी घालत गेलं की तो जवळजवळ दिसेनासा होतो. घोटाळा इथेच होतो. ठिपका दिसत नाही म्हणजे प्रकाश येत नाही असं वाटतं, आणि तसलाच कागद चष्म्यावर चिकटवून कुणीतरी लेझर एन्ग्रेव्हरसमोर, म्हणजे लेझरने लाकडावर वगैरे कोरणाऱ्या यंत्रासमोर, बसतं. कृपा करून असं करू नका. घरातला रंगीत कागद, काच, प्लास्टिक किंवा उन्हाचा गॉगल डोळ्यांच्या बचावासाठी अजिबात चालत नाही.

आधी हिशेब करू. लेझर चष्मा किती प्रकाश अडवतो हे ऑप्टिकल डेन्सिटीत, म्हणजे ओडीमध्ये मोजतात. ओडी 1 असेल तर प्रकाशाचा दहावा भाग पलीकडे जातो, ओडी 2 असेल तर शंभरावा, ओडी 3 असेल तर हजारावा. आता 5 वॉटचा निळा एन्ग्रेव्हर घ्या. 5 वॉट म्हणजे 5000 मिलीवॉट. थेट किरण चुकून डोळ्यात गेला तरी तो 1 मिलीवॉटच्या आत हवा, कारण पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्या वेळापुरती ही मर्यादा धरलेली आहे. म्हणजे प्रकाश किमान 5000 पट कमी व्हायला हवा. त्याची ओडी येते 3.7. व्यवहारात 5 किंवा त्याहून जास्त घ्यावी. उन्हाचा गॉगल साधारण 10 ते 20 टक्के प्रकाश आत सोडतो, म्हणजे त्याची ओडी 1 सुद्धा भरत नाही. 15 टक्के धरले तरी 5000 पैकी 750 मिलीवॉट डोळ्यापर्यंत पोचतात. शिवाय गडद काचेमागे बाहुली मोठी होते, ते वेगळंच.

डोळ्याने अंदाज घ्यायला जाल तर तोही फसवतो. प्रकाश दहापट कमी झाला तरी डोळ्याला तो साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे ‘बराच अंधूक झाला की’ याला मोजमाप म्हणता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका न दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे. तो घरीच बघता येतो, आणि त्याला लेझर लागतही नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन जिलेटिन पेपर एकावर एक ठेवा आणि दिव्यासमोर धरा. जवळजवळ काळं दिसेल. आता ही चळत टीव्हीच्या रिमोटच्या पुढच्या एलईडीवर ठेवा, मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्याकडे वळवा आणि बटण दाबा. स्क्रीनवर पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. (काही मोबाईलच्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटमधून निघणारा हा डोळ्याला न दिसणारा प्रकाश, दिसत नाही. तसं झालं तर दुसरा मोबाईल घ्या.) डोळ्याला काळी वाटणारी ही चळत इन्फ्रारेडला जवळपास काचेसारखी आहे. अशा कागदांतला नेहमीचा रंग दिसणारा प्रकाश शोषतो, त्यापलीकडचा सोडून देतो.

हाच विचार हिरव्या पॉइंटरबाबत करू. बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग याच आकड्यावरून ठरतो) इन्फ्रारेड डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून 1064 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसऱ्या स्फटिकात त्याचा 532 नॅनोमीटरचा हिरवा होतो. उरलेला इन्फ्रारेड गाळणारी काच स्वस्त पॉइंटरमध्ये कधीकधी बसवलेलीच नसते. त्यापुढे लाल कागद धरला तर हिरवा अडेल, इन्फ्रारेड सरळ पार होईल. प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही आणि किरण दृष्टिपटलावर एका बारीक बिंदूत एकवटतो. कागद नसता तर निदान हिरव्या झगमगाटाने मान तरी वळली असती.

जोरदार किरण कागद वितळवून भोकही पाडतो. पोलराइज्ड गॉगल किती अडवेल ते किरणातल्या प्रकाशलहरी कुठल्या दिशेने कंप पावतात त्यावर ठरतं, त्यामुळे मान तिरकी केली की हिशेब बदलतो. वेल्डिंगची 5 नंबरची काच दिसणाऱ्या प्रकाशाला जेमतेम ओडी 1.7 देते. आपोआप गडद होणारं हेल्मेट वेल्डिंगच्या ठिणगीच्या झोतासाठी (आर्कसाठी) बनवलेलं असतं, लेझरने ते गडद होईलच असं नाही.

मग करायचं काय? यंत्रावरचं लेबल वाचा आणि तरंगलांबी, शक्ती, वर्ग (लेझर किती धोक्याचा ते सांगणारा) या तिन्ही गोष्टी टिपून घ्या. 5 ते 500 मिलीवॉट म्हणजे वर्ग 3बी, त्यावर वर्ग 4. पॉइंटरच्या लेबलवर विसंबू नका, छापलेल्यापेक्षा शक्ती जास्त असू शकते. एन्ग्रेव्हरवरचा मोठा आकडा बऱ्याचदा विजेच्या वापराचा असतो. प्रकाशाची शक्ती वेगळी दिलेली नसेल तर मोठाच आकडा धरून चष्मा निवडा.

चष्म्याच्या काचेवर किंवा फ्रेमवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी छापलेली हवी, आणि तुमची तरंगलांबी त्या पट्ट्यात बसायला हवी. युरोपीय ईएन 207 मानकात ‘एलबी’ या अक्षरांपुढे अंक असतो. अशी काच थेट किरण 5 सेकंद झेलून तपासलेली असते. काचेच्या रंगावरून काही ठरवू नका. 450 नॅनोमीटरसाठीची नारिंगी काच 650 नॅनोमीटरच्या लाल लेझरला अडवत नाही. उलट 10,600 नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर साधी पारदर्शक काचही शोषून घेते, पण तीच काच निळा लेझर जसाच्या तसा सोडते.

चष्मा असला तरी किरणाकडे थेट बघायचं नाही. खरा भरवसा बंद पेटीचा. धातूच्या मॅट रंगवलेल्या पत्र्याची पेटी करा, झाकणाला असा स्विच बसवा की उघडताच लेझर बंद पडेल, आणि काम आत लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून बघा. पुठ्ठा नको, पेट घेतो. धूर बाहेर काढायला पंखा लावा, मात्र त्याच्या भोकातून किरण सरळ बाहेर येणार नाही असा आडवा पत्रा आत हवा.

चांगल्या चष्म्यातूनही लाकडावरचा जळणारा बिंदू लकाकताना दिसतो. तो बहुतेक जळण्याचा उजेड असतो, चष्मा निकामी झाल्याची खूण नव्हे. काच तडकली, ओरखडली किंवा रंग उडाला तर मात्र चष्मा बदला. चष्म्यावर लेझर मारून तो ‘तपासू’ नका.

किरण डोळ्यात गेल्यावर दुखत नाही, दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. नजरेत डाग दिसला किंवा सरळ रेघ वाकडी वाटली तर डोळे चोळत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि लेझरची तरंगलांबी व शक्ती लिहिलेली चिठ्ठी सोबत न्या.