हेड गॅस्केट घरी बदलताना: खरं काम हेड उतरल्यावर सुरू होतं

रेडिएटरमध्ये हळद टाका. थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणारच नाही. बाजारात एक पावडर मिळते, ती टाकली की गॅस्केट आपोआप बसतं. गाडी तापायला लागली की असे सल्ले सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुकट मिळतात. हळदीने रेडिएटरचं बारीक भोक गाव गाठेपर्यंत बुजतं, हे खरं आहे. पण हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधलं पातळ सील, आणि त्याच्या एका बाजूला पेट्रोल जळतानाचा दाब असतो. तिथे हळदीचं काय चालणार? ती जाऊन बसते हीटरच्या बारीक नळ्यांत. आणि थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल मात्र जास्त पितं.

मी इथे साध्या पेट्रोल गाड्यांबद्दल बोलतोय: मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, सँट्रो. डिझेलवर पहिला हात मारू नका. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो हे मोजून त्या जाडीचं गॅस्केट निवडावं लागतं, तो वेगळा विषय आहे. तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. बोल्टचा क्रम आणि टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे तिथूनच घ्यायचे, ‘सगळ्या छोट्या गाड्यांना सारखंच असतं’ म्हणणाऱ्या मित्राकडून नाही. पावसाळ्यात उघड्या पार्किंगमध्ये इंजिन उघडायचं धाडस करू नये, हे पुणेकरांना सांगायला नको.

आधी खात्री

बाहेर कुठे गळती नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, थंड इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज टणक होतोय, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, तर संशय पक्का होत जातो. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. रोज दोन किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांच्या झाकणाखाली पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही तो येतो. डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. काँप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजणं, कराच. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळली आहे असं समजा.

आणि गाडी मुळात तापली का, ते शोधा. गॅस्केट बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही, तापण्यामुळे जातं. पंखा लागत नव्हता, थर्मोस्टॅट अडकलं होतं, बोअरच्या जड पाण्याने रेडिएटर आतून भरला होता, वॉटर पंप गळत होता. यातलं काहीतरी सापडेलच. ते तसंच ठेवून नवं गॅस्केट टाकलंत तर कात्रजचा पुढचा घाट चढताना सगळं पहिल्यापासून.

उतरवणं

हे सोपं आहे, फक्त सावकाश करायचं. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. अ‍ॅल्युमिनिअमचं हेड गरम असताना बोल्ट सोडले तर ते वाकतं. बॅटरी काढा, कूलंट काढा, प्रत्येक होज आणि वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर, म्हणजे टॉपला, आणून क्रँक आणि कॅमच्या टायमिंगच्या खुणा जुळवा आणि मगच टायमिंग बेल्ट काढा. त्यानंतर क्रँक आणि कॅम फिरवायचे नाहीत.

हेड बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. हेड चिकटून बसलं तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तो ओरखडा मग कायमचा. लाकडाचा ठोकळा लावून बाजूने हलके ठोके द्या, सुटतं. उचलायला दुसरा माणूस घ्या आणि हेड दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. जमिनीवर पालथं ठेवलंत तर उघडे असलेले व्हॉल्व्ह वाकतात.

जुनं गॅस्केट लगेच फेकू नका. कुठे काळं पडलंय, कुठली रिंग जळलीय ते नीट बघा. पिस्टनही बघा. बाकीच्यांवर काळा कार्बन आणि एकच पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ दिसत असेल, तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात होतं.

दोन्ही पृष्ठभाग: इथेच काम बिघडतं

पहिल्या वेळी मला सगळ्यात जास्त घाम याच टप्प्यावर फुटला होता, आणि आजही माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. दोन महिन्यांत ‘पुन्हा गेलेलं’ गॅस्केट बघायला मला बोलावतात, तेव्हा मी आधी विचारतो की ब्लॉक कशाने साफ केला होता. उत्तर ठरलेलं असतं: ग्राइंडरला घासायची चकती लावून, पाच मिनिटांत.

ती चकती अ‍ॅल्युमिनिअमवर कधीही, कुठल्याही कारणाने लावायची नाही. वायर ब्रशही मशीनवर लावायचा नाही. चकती गॅस्केटचा चिकटलेला थर काढते, त्याबरोबर खालचा धातूही खाते, आणि जिथे हात जास्त वेळ थांबला तिथे खळगा पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, उलट पृष्ठभाग चकचकीत दिसतो म्हणून माणूस खूश होतो. शिवाय चकतीतून झडणारी कणी ऑइलच्या वाटांत उतरते आणि पुढे बेअरिंग खाते. गॅस्केटचं काम करून घेतलं आणि महिन्याभरात इंजिन खालून वाजायला लागलं, अशी तक्रार आली की माझा पहिला संशय या कणीवर असतो.

मग करायचं काय? धीर धरायचा. सगळ्यात आधी सिलिंडरमध्ये आणि पाण्या-ऑइलच्या प्रत्येक भोकात स्वच्छ कापडाचे बोळे घाला. किती घातले ते भिंतीवर खडूने लिहून ठेवा, म्हणजे काढताना मोजता येतील. पिस्टनच्या कडेला बोटाने ग्रीस फिरवा, पडणारा कचरा त्यात अडकतो आणि नंतर पुसून निघतो. गॅस्केट रिमूव्हर किंवा थिनर लावून थर भिजू द्या. चहा पिऊन या. नंतर अ‍ॅल्युमिनिअमवर प्लॅस्टिकची खरवडणी चालवा, जुनं एटीएम कार्डही चालतं. ब्लॉक बिडाचा असेल तर तिथे ब्लेड चालतं, पण जवळजवळ आडवं धरून. निघाला नाही तर पुन्हा भिजवा. जोर लावायची इच्छा झाली की समजा, तो अजून पुरेसा भिजलेला नाही.

साफ झालं असं वाटलं की नख फिरवा, विशेषतः दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर. नख अडकलं तर तिथे एकतर घाण आहे किंवा ओरखडा. घाण असेल तर काम चालू ठेवा, ओरखडा असेल तर मशीन शॉप.

आता बोल्टची भोकं. याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि सगळ्यात महागात हेच पडतं. हेड उचलताना पाणी आणि ऑइल भोकांत सांडतं. भोक तळाला बंद असेल आणि त्यात द्रव राहिला, तर बोल्ट आवळताना तो दाबला जातो. द्रव दबत नाही. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की आवाज करणारा पाना, ‘टक’ म्हणतो, पण हेड आवळलेलं नसतं. नशीब फारच वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. म्हणून सिरिंजने ओढून घ्या, कापड पिळून आत घाला, शेवटी हवा मारा. कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडून छोटा हवेचा पंप मागून आणा. डोळ्यांवर गॉगल हवाच, आतलं सगळं तोंडावर येतं. आटे साफ करायला टॅप मारू नका, तो धातू कापतो. जुन्या हेड बोल्टच्या आट्यांवर हॅकसॉने उभ्या दोन-तीन खाचा पाडा आणि तोच हाताने फिरवा. घाण खाचांत येते, आटे शाबूत राहतात.

मग सपाटी. शाळेतली पट्टी घेऊन हे करायचं नाही. इंजिनिअरिंगची स्टील स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) घ्या. लांबीत दोन्ही कडांवर, रुंदीत दोन्ही टोकांना आणि दोन्ही कर्णांवर पट्टी उभी ठेवा आणि खालून पान सरकवून बघा. मारुतीच्या बऱ्याच छोट्या इंजिनांना मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते. ते पान कुठेही आत गेलं की हेड मशीनवर जायला हवं. ब्लॉकवरही हेच करा. लोक हेड तपासतात आणि ब्लॉक विसरतात.

गाडी खूप तापली होती का? मग मोजमाप बरोबर आलं तरी हेड मशीन शॉपला न्या. भोसरीकडे किंवा पेठांमध्ये हेड-ब्लॉकचं काम करणारे जुने लोक आहेत. फेस मारण्याआधी, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट करण्याआधी, प्रेशर टेस्ट करून घ्या, तडा असेल तर फेसिंगचे पैसे वाया. ‘कमीत कमी काढा, आणि किती काढलं ते सांगा’ असं आधीच बजावा. जास्त काढलं की काँप्रेशन वाढतं आणि टायमिंगही थोडं सरकतं. हेड हातात घेऊन, एक डोळा मिटून ‘सरळ आहे साहेब’ असं सांगणारा भेटला तर हेड उचला आणि दुसरीकडे जा. हेड तिथे आहेच, तर व्हॉल्व्ह घासून सील बदलून घ्या.

बसवणं आणि आवळणं

गॅस्केट कोरडं बसवायचं. त्यावर अ‍ॅनाबॉन्डसारखं सीलंट, शेलॅक, रंगाचा फवारा, काही नाही. मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्यात सीलंट सांगितलं असेल तर तिथेच, तेवढंच. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर हवी आणि ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकावर आलं पाहिजे. बोळे मोजून काढा. शेवटचं पुसणं थिनरने, त्यानंतर त्या जागी बोट लावायचं नाही.

टॉर्क रेंच चांगला घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पाने, गोट्या खुशाल घ्या, टॉर्क रेंच मात्र घेऊ नका. तुम्ही लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहावा भाग उरतो. आटे कोरडे, गंजलेले असतील तर तोही राहत नाही, आणि रेंच तरी ‘टक’ म्हणतोच. म्हणून आट्यांवर आणि डोक्याखाली ऑइलचं बोट, मॅन्युअलने तसं सांगितलं असेल तर. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, तीन टप्प्यांत. रेंच मुठीच्या ठरलेल्या जागी धरून सावकाश ओढायचा, झटका नाही, ‘टक’ झाल्यावर अजून थोडं तर अजिबात नाही. ज्या इंजिनात शेवटी अंशांत फिरवायचं असतं तिथे बोल्ट ताणले जातात, ते नवेच घ्या आणि फिरवण्याआधी डोक्यावर रंगाचा ठिपका द्या.

परत जोडणी

फोटो बघत उलट क्रमाने. बेल्ट लावला की स्पार्क प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, टायमिंग चुकलंय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा. ऑइल आणि फिल्टर नवे, आणि जुनं ऑइल दुधाळ होतं तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं किंवा टँकरचं नाही.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग झाकण लावा आणि पंखा स्वतःहून लागतो का ते बघितल्याशिवाय तिथून हलू नका. सायलेन्सरमधून सुरुवातीला वाफ येईल, आत राहिलेलं पाणी आहे ते. जुनं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका. ते गोड लागतं, सोसायटीतली कुत्री पितात आणि मरतात. डब्यात बंद करून जुन्या ऑइलसोबत गॅरेजला द्या.

पहिला आठवडा गावातच चालवा आणि रोज सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी खाली गेली तर ती अडकलेली हवा आहे, भरून टाका. चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत असेल तर घाट विसरा आणि काँप्रेशन गेज पुन्हा बाहेर काढा.