जेलचा थर वेळेत धरला, तर बाकीचे जमते

पदव्युत्तर प्रकल्पात मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची 500 मिलिग्रॅमची, बारा तास औषध सोडणारी गोळी करायची होती. पहिल्या बॅचमध्ये मी एचपीएमसी या पाण्यात फुगणाऱ्या पॉलिमरचा के4एम ग्रेड गोळीच्या वजनाच्या 15 टक्के घेतला आणि डिसोल्यूशन पात्रात, म्हणजे औषध द्रवात किती वेगाने सुटते हे मोजण्याच्या भांड्यात, तासाभरातच गोळी फुटून तिचा गाळ झाला. पॉलिमर पुरेसा घट्ट नसावा, असे समजून मी त्याच प्रमाणात के100एम हा जास्त व्हिस्कॉसिटीचा (घट्टपणाचा) ग्रेड वापरला. निकाल जवळजवळ तोच आला.

तेव्हा दहा मिनिटांनी गोळी बाहेर काढून ब्लेडने मधोमध कापून पाहिली. गोळी टिकण्यासाठी पृष्ठभागावरचे पॉलिमरचे कण फुगून एकमेकांना भिडावे लागतात आणि कोरड्या गाभ्याभोवती पारदर्शक जेलचा सलग थर तयार व्हावा लागतो. माझ्या गोळीत कण विरळ होते, थरात फटी होत्या आणि पाणी थेट गाभ्यापर्यंत पोहोचले होते. अशा वेळी ग्रेडची व्हिस्कॉसिटी वाढवून काही साधत नाही. पॉलिमर 30 टक्क्यांवर नेल्यावर आणि बारीक कणांचा माल घेतल्यावर गोळी तगली. जाड कणांना भिजायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात औषध निसटते. गोळी आकाराने मोठी झाली, हा भुर्दंड मात्र सोसावा लागला. मोठ्या मात्रेच्या औषधात तो फारसा टळत नाही.

ग्रॅन्युलेशनमध्ये (गोळी दाबण्याआधी पावडरीचे दाणे बनवताना) थेट पाणी ओतल्याने पॉलिमरचे चिवट गोळे झाले, म्हणून मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. सुकवण्यात मात्र हयगय चालत नाही, कारण त्याचा अंश मर्यादेत राहिला आहे हे तपासावेच लागते.

नवख्याला सर्वात सहज फसवते ती डिसोल्यूशन चाचणी. एकदा माझा आलेख अचानक संथ झाला आणि मी खूश झालो. प्रत्यक्षात चिकट झालेली गोळी पात्राच्या तळाला घट्ट बसली होती, त्यामुळे तिच्या खालच्या बाजूने औषध सुटतच नव्हते. सिंकर (गोळीभोवती बसवायची तारेची जाळी) वापरून चाचणी पुन्हा केली, तेव्हा जुनाच वेग दिसला. म्हणून नमुने काढताना गोळीकडे डोळ्यांनी पाहून तिची स्थिती वहीत नोंदवावी.

औषध कोणत्या मार्गाने सुटते हे ओळखण्यासाठी कोर्समेयर-पेपास समीकरण बसवताना फक्त पहिल्या 60 टक्के रिलीजचे बिंदू घ्यावेत. दंडगोलाकार गोळीसाठी समीकरणातला वेळेचा घातांक 0.45 च्या आसपास आला तर डिफ्यूजन (औषधाचे जेलमधून झिरपणे) प्रमुख मानतात आणि 0.89 कडे झुकला तर पॉलिमरचे फुगणे व झिजणे. मी आधी सगळे बिंदू घालून देखणी रेषा काढली होती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष निरर्थक होता.

पाण्यात कमी विरघळणारे औषध असेल तर हाच नुसखा जसाच्या तसा उचलू नये. तिथे औषध मुख्यतः जेल झिजण्यातून सुटते, त्यामुळे के100एलव्हीसारख्या कमी व्हिस्कॉसिटीच्या ग्रेडपासून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.