डंजनमधून विनाकारण हाकलतात? टँकशी भांडू नका, तिसऱ्या मताशी बोला

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या ऑनलाइन गेममध्ये पाच जणांनी मिळून शत्रू मारत पार करायची जागा म्हणजे डंजन. ते निम्म्याहून जास्त झालंय, शेवटचा बॉस (मोठा शत्रू) पुढच्या दालनात आहे, आणि अचानक लोडिंगची पट्टी येते. ती संपली की आपण पुन्हा शहरात, जिथून गटासाठी क्यू (रांग) लावली होती तिथेच उभे. अर्धा तास गेला, शेवटच्या बॉसची लूट गेली, पूर्ण केल्याचा बोनस गेला, आणि का काढलं हे विचारायला समोर कुणी नाही.

यावर दोनच सल्ले ऐकायला मिळतात. ‘मनावर घेऊ नकोस, गेमच तर आहे’ आणि ‘लगेच रिपोर्ट ठोक’. मला दोन्हींचा राग येतो. पहिल्यात करण्यासारखं काहीच नाही. दुसरा मी कित्येकदा करून पाहिलाय. मत घेऊन गटातून काढणं, म्हणजेच किक, ही गेमने स्वतःच दिलेली सोय आहे, त्यामुळे नुसतं ‘मला उगाच काढलं’ एवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही. जे काही करायचं ते बहुतेक सगळं किकच्या आधी करायचं असतं, आणि तेच कुणी सांगत नाही.

मी २०१० पासून हीलर (गटातल्यांना जिवंत ठेवणारी) खेळते, कर्वेनगरच्या घरातून, बहुतेक वेळा युरोपच्या सर्व्हरवर. खाली लिहिलेलं सगळं रँडम क्यूमधून जमलेल्या अनोळखी गटांबद्दल आहे. कुणी स्वतः गट बांधून तुम्हाला आत घेतलं असेल तर काढायचा हक्क त्या लीडरचा, तिथे वाद घालू नका.

आधी किक खरोखर अन्यायाची होती का ते बघा. न सांगता उठून गेला असाल, दुसऱ्याच्या मागे ऑटो-फॉलो लावून चालत असाल, किंवा लुटीत दिसेल त्या वस्तूवर ‘नीड’ (मला हवीच) दाबत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

तयारी तुम्हाला माहीत आहे: गियर (चिलखत-हत्यारं) दुरुस्त, टॅलेंट (पात्राची निवडलेली कौशल्यं) बरोबर, बॉसची माहिती वाचलेली. पुण्यात राहणाऱ्यांसाठी एकच भर घालते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि गुरुवारी दिवसा लांबलचक डंजन लावू नका. लाईट जाते, आणि पाच मिनिटं गायब झालेल्या हीलरला गटाने काढलं तर तो अन्याय नव्हे.

आता मुख्य गोष्ट. हे लोक असे का वागतात ते समजलं तर पुढचं सोपं जातं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला, तेव्हा डंजनसाठी माणसं शहराच्या चॅटमध्ये हाका मारून जमवावी लागत. सगळी एकाच सर्व्हरची. कुणाला उगाच हाकललं तर उद्या तोच समोर यायचा, आणि नाव खराब व्हायचं. २००९ च्या डिसेंबरमध्ये आपोआप गट जमवणारा डंजन फाइंडर आला आणि वेगवेगळ्या सर्व्हरची माणसं एका गटात पडू लागली. मोठी सोय झाली, मी स्वतः त्याच सोयीवर वाढले. पण समोरचा पुन्हा कधी भेटणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. पीएमपीच्या बसमध्ये धक्का देऊन पुढे जाणारा माणूस सोसायटीच्या जिन्यात तसं करत नाही, तेच हे.

आता आकडे बघा. पाच जणांचा गट: एक टँक (पुढे राहून मार झेलणारा), एक हीलर, तीन डॅमेजवाले (शत्रूला मारणारे). तुम्हाला काढायचं तर उरलेल्या चौघांपैकी तिघांची मतं लागतात, आणि ज्याने प्रस्ताव टाकला त्याचं मत त्यात धरलेलं असतं. म्हणजे रागावलेला एक, त्याचा सोबती एक, ही झाली दोन. तिसरं मत अशा माणसाचं असतं ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तुमचं आत राहणं त्याच्या हातात असतं आणि आपण सगळा वेळ घालवतो रागावलेल्या माणसाशी भांडण्यात.

हे मला कळलं ते फार उशिरा. एका गुरुवारी संध्याकाळीही लाईट आलेली नव्हती. मी लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत होते. एरवी दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असणारा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चारशेच्या वर गेलेला. टँक एकदम शत्रूंचे तीन-तीन घोळके अंगावर ओढत होता आणि माझी हील त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो आडवा. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर त्याने हीलरला काही येत नाही असं लिहिलं. मी उत्तर दिलं. त्याने आणखी काही लिहिलं, मीही लिहिलं. किती घोळके ओढले, मना (हील करायला लागणारी शक्ती) किती उरला होता, कोण कुठे उभा होता, सगळं मुद्देसूद. माझा प्रत्येक मुद्दा बरोबर होता. चार मिनिटं गट जागेवर उभा राहिला आणि मग मी बाहेर.

थोड्या वेळाने गटातल्या हंटरचा, म्हणजे एका डॅमेजवाल्याचा, व्हिस्पर (खासगी संदेश) आला. त्याने लिहिलं होतं की माफ कर, मला वाटलं तुलाच जायचंय, पेटी आली म्हणून मी ‘हो’ दाबलं.

ती पेटी नीट डोळ्यांसमोर आणा. लढाई चालू असताना प्रस्ताव टाकता येत नाही, म्हणून ती येते लढाई संपल्याच्या पुढच्या काही सेकंदांत. हंटरने नुकताच कीबोर्डवरून हात उचललेला, पाण्याच्या बाटलीकडे नेलेला. स्क्रीनच्या मधोमध एक चौकट येते: एक नाव, खाली एका ओळीचं कारण, दोन बटणं. कारण प्रस्ताव टाकणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. हंटरला ते नाव कुणाचं हेही नीट आठवत नसतं. वर चॅटमध्ये वीस ओळींचं भांडण आहे, तो ते वाचत बसत नाही. त्याला डंजन संपवायचं असतं आणि चौकट घालवायची असते.

त्या दोन सेकंदांत त्याला तुमच्याबद्दल एक तरी चांगली, सरळ ओळ आठवली पाहिजे. तुमचं काम एवढंच.

ती ओळ आत शिरताच लिहायची, पहिला शत्रू अंगावर यायच्या आधी. माझी अशी: ‘नमस्कार, हीलर आहे, पिंग जास्त आहे, मना संपत आला की सांगेन.’ चॅट अर्थात इंग्रजीत. ही ओळ मॅक्रोमध्ये (एका बटणावर साठवलेली आज्ञा) भरून ठेवा. वॉरक्राफ्टच्या एका मॅक्रोत २५५ अक्षरं बसतात, तुम्हाला त्याच्या निम्मीही लागणार नाहीत. नवीन असाल तर नवीन आहे असं स्पष्ट लिहा. लपवू नका, लपवल्यावर तुमची प्रत्येक चूक मुद्दाम केल्यासारखी दिसते. फायनल फँटसी १४ या दुसऱ्या गेममध्ये तर ते डंजन कुणी पहिल्यांदाच करत असेल तर गेम स्वतःच सगळ्यांना तसं सांगतो आणि इतरांना त्याबद्दल जादा बक्षीसही देतो.

दुसरी ओळ लागते काही बिघडल्यावर. सगळे मेले, किंवा टँक मेला. लढाई संपल्या संपल्या, तेवढ्या काही सेकंदांत, तीन गोष्टी एका वाक्यात: काय झालं, आता काय करणार, आणि दुसऱ्याकडून काय हवं. ‘लॅगमुळे हील उशिरा गेली, पुढच्या वेळी आधीच ढाल लावते, दोनच घोळके ओढा.’ बस. चूक कुणाची, हा विषय काढायचा नाही. टँकचीच चूक असली तरी नाही. तुम्ही टँकला उत्तर देताय असं वाटता कामा नये. ते वाक्य हंटरसाठी आहे.

मी स्वतः करून पस्तावले ते आता सांगते. ‘प्लीज मला काढू नका’ असं कधीही लिहू नका. ज्याच्या डोक्यात किकचा विचारही नव्हता त्याच्या डोक्यात तो तुम्ही घालता. तीन-तीनदा सॉरी म्हणू नका, एकदा पुरे. हंटरला खासगी व्हिस्पर करून बाजूला ओढू नका. अनोळखी माणसाला ते कारस्थान वाटतं, आणि त्याने ते गटात सांगितलं तर खेळ संपला. आणि रागावलेल्यालाच काढायचा उलट प्रस्ताव टाकायचा असेल तर फक्त त्याने शिवीगाळ केली असेल तेव्हा, तेही कारणाच्या रकान्यात ‘शिवीगाळ, चॅट बघा’ एवढंच लिहून. रागाने टाकलेला प्रस्ताव पडतो, आणि मग तुमचा नंबर लागतो.

गटात कोण कुणाचं आहे तेही सुरुवातीलाच बघून ठेवा. दोघातिघांच्या नावाखाली एकच गिल्ड (खेळाडूंचा संघ) दिसत असेल, किंवा नावापुढे एकाच सर्व्हरचं नाव असेल, तर ते बहुधा एकत्र आलेत. दोघे असतील तर तिसऱ्याला धरून राहा. तिघे असतील आणि त्यातला एक बिनसला असेल, तर मी बोलण्यात वेळ घालवत नाही, मुकाट्याने माझं काम चोख करते.

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ सिंहगड रोडवरून थेट घरी आला होता, चेहरा पाडून. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, नुकताच टँक खेळायला लागलेला.

“ताई, तीन वेळा काढलं मला आज. मी काही बोललोसुद्धा नाही कुणाला.”

“सुरुवातीला काय लिहिलंस?”

“काहीच नाही. म्हटलं, कशाला उगाच.”

चुकीचं वळण घेतलं की तो थांबायचा, नकाशा बघायचा, आणि चौघे जण त्याच्या पाठीकडे बघत उभे राहायचे. त्याला मी एकच मॅक्रो करून दिला: ‘नवा टँक, हळू जाईन, वाट चुकलो तर सांगा.’ त्याच रात्री एका डॅमेजवाल्याने त्याला सगळं डंजन पुढे चालून दाखवलं. खेळ त्याचा तेवढाच कच्चा होता, पण बाकीच्यांना आता माहीत होतं की पुढे उभा आहे तो कोण आणि का थांबलाय.

एवढं करूनही काढलं, तर पुढचं पटापट.

लॉगआउट करू नका. गटातून बाहेर पडलात तरी चॅटच्या खिडकीत मागच्या ओळी असतात. वर सरकवा, प्रिंट स्क्रीन दाबा. वॉरक्राफ्टमध्ये चित्र गेमच्याच स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पडतं. पुढच्या वेळी डंजनआधी स्लॅश देऊन ‘चॅटलॉग’ टाइप करा, सगळं बोलणं लॉग्स फोल्डरमध्ये उतरत जातं. काढणाऱ्याला व्हिस्पर करून जाब विचारू नका. रागात तुम्ही जे लिहाल त्याचाही स्क्रीनशॉट निघतो.

मग ठरवा, तक्रारीत दम आहे का. कुणी खेळावरून काढलं, घाईत काढलं, तर सोडून द्या. पण शिवी, धमकी, जातीधर्मावरून किंवा देशावरून बोलणं, बाई आहे म्हणून बोलणं, हे सोडू नका. मला एकदा व्हॉइस चॅटवर पहिलं वाक्य बोलल्याबरोबर काढलं होतं, आणि त्याआधी दोन मिनिटं माझ्या उच्चारांची नक्कल आणि मुलींनी काय करावं यावर जे बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही. त्या रात्री मी खूप रडले. हातात पुरावा काहीच नव्हता. तेव्हापासून विंडोजच्या गेम बारमधलं मागचं रेकॉर्डिंग चालू ठेवते. विंडोज, ऑल्ट आणि जी एकत्र दाबलं की नुकतंच घडलेलं साठवलं जातं. अनोळखी गटात बोलणाऱ्या प्रत्येक मुलीने हे चालू ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

तक्रार लिहिताना किकबद्दल लिहू नका, भाषेबद्दल लिहा. माझी पहिली तक्रार दोन पानांची होती, त्यात टँकने किती घोळके ओढले तेही होतं, आणि शिवीची ओळ कुठेतरी शेवटी. वाचणाऱ्याला ती सापडली नसेल तर त्याचा दोष नाही. आता मी चार गोष्टी देते: पात्राचं नाव सर्व्हरसकट, डंजनचं नाव, नेमकी वाक्यं जशीच्या तशी, आणि वेळ. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्या. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे आहेत. पुण्यात रात्री ११:४० म्हणजे यूटीसीत १८:१०. चॅटमधल्या नावावर उजवी क्लिक करून रिपोर्ट करता येत असेल तर तिथूनच करा, म्हणजे ती ओळ तक्रारीला आपोआप जोडली जाते. नंतर त्या माणसाला ब्लॉक करा.

भांडण पेटलं म्हणून स्वतःहून गट सोडू नका. वॉरक्राफ्टमध्ये आणि फायनल फँटसी १४ मध्ये अर्ध्यातून निघून गेलात तर ३० मिनिटं क्यू बंद. काढलं गेल्यावर तुमच्यावर असा काही दंड लागलाय का ते आधी बघा, नसेल तर लगेच पुन्हा क्यू लावा. हात थरथरत असतील तर त्या रात्री माणसांबरोबर लावू नका. वॉरक्राफ्टमध्ये २०२४ च्या जानेवारीपासून गेमच्याच पात्रांना घेऊन काही डंजन करता येतात, फायनल फँटसी १४ मध्ये तशीच ड्यूटी सपोर्ट ही सोय आहे. तिथे कुणी काढत नाही, आणि वाटा पाठ होतात. मावसभावाने पुढचे आठ दिवस तेच केलं.

आणि डंजन नीट पार पडलं, एखादा माणूस तुमच्या बाजूने एक शब्द जरी बोलला असेल, तर शेवटचा बॉस पडल्यावर लूट बघायच्या आधी त्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवा. गट फुटायला काही सेकंद लागतात आणि मग ते नाव शोधत बसावं लागतं. तो हंटर आज माझ्या यादीत आहे. शुक्रवारी रात्री आम्ही एकत्र क्यू लावतो, म्हणजे चारपैकी एक मत आधीच माझं असतं.