डिप्रेशनची गोळी मध्येच सोडू नका
एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी सुरू केली की पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, डोकं जड होतं. मन हलकं व्हायला मात्र २ ते ४ आठवडे, कधी ६ सुद्धा लागतात. त्रास आधी, गुण नंतर, म्हणून बरेच जण नेमकी इथेच गोळी सोडतात. जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या. एखादी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नकोत. बरं वाटलं तरी एकदम बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील. अंगदुखीवर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि जीव नकोसा वाटला तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.