कुठला एक मिलिमीटर?

कासला पहिल्यांदा गेले ती अगदी जवळून फोटो काढायची नवीकोरी मॅक्रो लेन्स घेऊन. हप्ते अजून फिटायचे होते. सप्टेंबरचा महिना, धुकं, अधूनमधून भुरभुर. पठारावर सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंग पसरलेला. चार तासांत चारशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. घरी लॅपटॉपवर मोठे करून पाहिले तर धड म्हणावेत असे तीन, आणि तेही लांबून घेतलेले.

पहिला संशय अर्थातच लेन्सवर. ती बिचारी ठणठणीत होती. माझी चूक अशी की, चौकट मी ठरवायची आणि फोकस कॅमेऱ्याने करायचा, अशी कामाची वाटणी मी करून टाकली होती. लांबच्या फोटोत ती चालते. फुलाच्या नाकाशी गेलात की चालत नाही.

मग सहा महिने गॅलरीतल्या लाल जास्वंदीवर काढले. नवशिक्यांना मी आजही हेच फूल सुचवते. ते मोठं असतं, रोज नवं मिळतं, आणि अवघडही आहे, कारण त्याच्या मधून केसरांची लांब दांडी बाहेर येते. टोकाला पाच कुक्षी (पराग झेलणारी टोकं), मखमली टाचणीच्या डोक्यांसारख्या. त्यांच्या मागे पिवळे परागकोश. आणि पार मागे पाकळ्या. समोरून पाहिलं तर टोकापासून पाकळीच्या बुडापर्यंत पाच-सहा सेंटिमीटर खोली. आता हिशोब बघा. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी लहान असलेल्या कॅमेऱ्यावर, एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) अख्खं फूल चौकटीत घेतलं, तर साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. जवळ जाऊन नुसत्या कुक्षी घेतल्या, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटली, की तोच थर पाऊण मिलिमीटरसुद्धा उरत नाही. श्वास घेताना आपलं अंग त्याहून जास्त हलतं.

‘मग एफ/२२ लावू’ हा उपाय प्रत्येकाला सुचतो. मलाही सुचला होता. थर थोडा वाढतो, पण इतक्या जवळून सेन्सरपर्यंत प्रकाश मुळातच कमी पोचतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि फार बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. मी एफ/८ ते एफ/११ च्या बाहेर क्वचितच जाते. एकाच फुलाचे फोकस सरकवत पंधरा-वीस फोटो घेऊन ते संगणकावर जोडता येतात, पण फूल हललं की सगळं मुसळ केरात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी कॅमेरा वळवा. समोरून उभं राहिलात तर दांडी तुमच्या अंगावर येते आणि तिचं फक्त टोक हाती लागतं. बाजूला जाऊन दांडी सेन्सरला समांतर धरलीत, तर त्याच एफ/८ ला ती बुडापासून टोकापर्यंत स्पष्ट येते. कोन बदलला, आकडा तोच राहिला. दोन्ही फोटो बरोबरच आहेत, पण ते दोन वेगळे फोटो आहेत, आणि कुठला हवा हे बटण दाबण्याआधी ठरायला हवं. मला रचना समजली ती इथे. चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा तो तृतीयांशाचा नियम वगैरे नंतर आला, आणि खरं सांगायचं तर फारसा लागला नाही.

आई माझे फोटो बघून म्हणायची, “अगं, यात फूल कुठाय?” चिडायचे मी. पण बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं. चौकटीत पाकळीचा तुकडा, दांडीचा तुकडा, मागे वाळत घातलेला टॉवेल, आणि नजर टेकायला जागाच नाही. तेव्हापासून फूल पाहण्याआधी फुलाच्या मागे काय आहे ते पाहते. जवळच्या फोटोत कॅमेरा चार बोटं खाली घेतला तरी टॉवेल जाऊन आभाळ येतं.

फोकस हाताने. ऑटोफोकस इतक्या जवळ मागेपुढे चाचपडत बसतो. लेन्सची कडी हव्या त्या अंतरावर लावून ठेवा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि स्वतःच तसूभर पुढेमागे झुला. कुक्षी लख्ख झाली की पाच-सहा फोटो सलग घ्या. त्यातला एक लागतो. लाल जास्वंद आणि पिवळी सोनकी यांचे रंग लवकर जळतात, पाकळी नुसती रंगाचा डाग दिसते. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं उणे ठेवते. कडक उन्हात फुलावर ट्रेसिंग पेपर धरला तरी पुरतं. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे काच नसलेली पोकळ नळी लावा, वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची मिळते. शिकायला तेवढं भरपूर.

पुढच्या वर्षी पुन्हा कासला गेले. वारा तिथे सहसा थांबत नाही, फक्त दम खातो; तेवढ्यात काय ते उरकायचं. शटर १/५०० सेकंदाच्या खाली नेलं नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बिनधास्त वाढवला. तिवई घरीच ठेवली. कातळावर बोटभर मातीचा थर असतो, त्यात तिचे पाय रोवायचे म्हणजे दहा रोपं मारायची. सीतेची आसवं तर सेंटिमीटरभर फुलं. त्यांच्यासाठी आडवं पडून बाकीची चिरडणारे महाभाग तिथे दिसतात. वाटेवर बसून मिळतं तेवढंच घ्यायचं. सोनकी तर साताऱ्याहून येताना रस्त्याकडेलाही भेटते. त्या दिवशी एकशेवीस फोटो काढले, अकरा ठेवले.

गॅलरीतला सराव मात्र सुटला नाही. जास्वंद सकाळी उमलते आणि आठाच्या आत आई ती गणपतीला तोडते, त्यामुळे मी साडेसहालाच कॅमेरा घेऊन बसते. आता आई माझ्यासाठी एक फूल झाडावर ठेवते. संकष्टीला मात्र एकही नाही.