खांब मोजायची नोकरी

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना मेट्रोचं काम बघायला कुठे जावं लागत नाही, ते दारात येऊन बसलेलं असतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला बसने जायचे. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत बस जी तुंबायची, त्यात दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे खांब मोजायचे. कुठल्या खांबावर टोपी चढली, कुठे नुसत्या सळया उभ्या आहेत, कुठे अजून पत्र्यांच्या आत काय चाललंय ते कळतच नाही. वहीच्या मागच्या पानावर टिंबं काढून ठेवायचे. पुढे एका कंत्राटदाराकडे प्लॅनिंगमध्ये नोकरी लागली आणि कळलं, की या टिंबांचा पगार मिळतो. तिथे त्याला स्ट्रिप चार्ट म्हणतात, एवढाच फरक.

कॉलेजमधली मुलं-मुली आता विचारतात, ताई, प्लॅनिंग म्हणजे एसीत बसून एक्सेल भरायचं ना? निम्मं खरं आहे. एसी असतो, कंटेनर-ऑफिसमधला, आणि तो बहुतेक वेळा बंद असतो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. साहेब म्हणाले, ‘डीपीआर घेऊन या.’ मी प्रकल्पाचा सविस्तर अहवाल शोधत बसले, तीनेकशे पानांचा. त्यांना हवा होता कालचा डेली प्रोग्रेस रिपोर्ट, एका पानाचा. दोन्हीला डीपीआरच म्हणतात. कुठला मागितलाय हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला महिनाभर लागतो.

तरी तो मोठा डीपीआर वाचाच, आणि नोकरी लागायच्या आधी वाचा. कागदावरचा प्रकल्प कसा कूस बदलतो ते ठाणेकरांइतकं कुणी पाहिलं नसेल. आपली वर्तुळाकार मेट्रो आधी मेट्रो होती, मग खर्च कमी करायचा म्हणून हलकी रेल्वे झाली, मग पुन्हा मेट्रो झाली. १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २९ किलोमीटर आणि २२ स्थानकांच्या मेट्रोला, त्यातली दोन स्थानकं जमिनीखाली. हलकी की भारी हा नुसता नावाचा प्रश्न नाही. केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ची मानकं काढली, ती तासाला एका दिशेने साधारण १५,००० पर्यंत प्रवासी असतील अशा मार्गांसाठी. गाडी हलकी म्हणजे एक्सलवरचा भार कमी, डबे कमी म्हणजे फलाट आखूड, भार कमी म्हणजे खांब आणि पायाही सडपातळ. एक आकडा बदलला की खालचं सगळं बदलतं. म्हणून अहवालात आधी ती प्रवासीसंख्या बघायची, मग डब्यांची संख्या, आणि मग नकाशा. आम्ही सगळे आधी नकाशा उघडून आपलं घर शोधतो, ते सोडा.

आता प्रत्यक्ष काम. उन्नत मार्गाचा क्रम पाठ करायला दहा मिनिटं लागतात: आधी माती परीक्षण आणि ट्रायल पिट (जमिनीखाली काय आहे ते बघायचा खड्डा), मग पाइल (जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब), पाइल कॅप (पाइलांना एकत्र बांधणारा ठोकळा), पिअर (वर दिसतो तो खांब), पिअर कॅप (त्याची टोपी), त्यावर गर्डर (तुळई) किंवा सेगमेंट (आधी ओतून ठेवलेले, जोडून पूल होणारे तुकडे), मग कठडे, रूळ, वीज, सिग्नल. हिशेबही सोपा. दोन खांबांमधलं अंतर सरासरी ३० मीटर धरलं तर एका किलोमीटरला तेहतीसेक स्पॅन. एका खांबाखाली चार पाइल असतील तर किलोमीटरला सव्वाशेच्या वर. दिवसाला किती पाइल होतात हे कळलं की तिसरीतलं पोरही तारीख काढेल. आणि ती तारीख चुकेल. का चुकते ते शोधणं, हेच तुमचं काम.

ते मला एका रात्री कळलं, तेव्हा साइटवर येऊन तीन आठवडे झाले होते. १.२ मीटर व्यासाची, २२ मीटर खोल पाइल होती. चौदा मीटरपर्यंत रिग, म्हणजे खोदायचं यंत्र, लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि मग काळा पाषाण लागला. ठाण्याखाली बसाल्ट आहे हे पुस्तकात वाचलेलं; त्याचा आवाज ऐकला नव्हता. दोनदा दात बदलले आणि दुसरा दिवस मावळला तेव्हा कुठे खोली मिळाली. काँक्रीट रात्री. हिशेबाने पंचवीस घनमीटर, सांडलवंड आणि फुगवटा धरून अठ्ठावीस, म्हणजे सहा घनमीटरच्या पाच गाड्या. खड्डा बेंटोनाइटच्या चिखलाने भरलेला असतो, त्याने कडा ढासळत नाहीत. ट्रेमी पाइप तळापर्यंत सोडायचा, काँक्रीट खालून वर चढत जातं आणि चिखलाला बाहेर ढकलतं. पाइपचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेलंच राहायला हवं आणि काम मध्ये थांबता कामा नये. खंड पडून आतलं आवळलं की दोन दिवसांची पाइल गेली.

तीन गाड्या झाल्या. चौथी येईना. गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडलेला आणि त्याच्या मागे आमची गाडी. मुकादम साताऱ्याकडचे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी आरडाओरडा केला नाही. क्रेनवाल्याला सांगून पाइप वीतभर वर, वीतभर खाली असा हलवत ठेवला, मधल्या वेळात ड्रायव्हरला फोन, आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. पन्नास मिनिटांनी गाडी आली. गाडी आली म्हणून हुश्श करून ओतायला निघालेल्या पोराला मामांनी हाताने अडवलं. आधी स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याची चाचणी. कोन भरला, उचलला, काँक्रीट बसलं, पट्टी लावली. १६० मिलिमीटर. ‘घ्या,’ म्हणाले.

सकाळी मी रिपोर्टमध्ये लिहिलं: पाइल, १, पूर्ण. मामांची वही मागून बघितली. तीत होतं: ‘४ नं. गाडी १:१०, उशीर ५० मि., घाट.’ माझ्या रिपोर्टमध्ये ती रात्र नव्हतीच. त्या दिवसापासून माझ्या शीटमध्ये प्रत्येक गाडीच्या येण्याजाण्याच्या वेळेचा एक रकाना आहे. महिन्याभराने त्याच रकान्यावरून दिसलं, की आमचा उशीर रिगमुळे थोडा आणि रस्त्यामुळे जास्त होता. मग मोठ्या पोअरच्या (काँक्रीट ओतण्याच्या) वेळा अवजड वाहनांच्या बंदीचे तास आणि रात्रीची गर्दी बघून बदलल्या. नवीन येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: साइटवर वही असणारा माणूस शोधा. तो इंजिनिअर असेलच असं नाही. त्याच्याशी अदबीने वागा, चहाचे पैसे तुम्ही द्या.

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीची, आणि तीच जास्त महाग पडली. प्रगतीचा टक्का कसा निघतो ते आधी समजून घ्या. प्रत्येक कामाला त्याच्या किमतीप्रमाणे वजन दिलेलं असतं. पाइलला इतकं, सेगमेंट ओतण्याला इतकं, चढवण्याला इतकं. सेगमेंट कास्टिंग यार्डात ओतले जातात, तिथे ना ट्रॅफिक ना पोलीस परवानगी, साचा रोज मोकळा होतो. म्हणजे टक्का यार्डात झपाट्याने वाढतो. चार महिने मी साहेबांना देखणा एस-कर्व्ह, म्हणजे प्रगतीचा आलेख, दाखवत होते, नियोजनाच्या रेषेला चिकटून वर जाणारा. यार्डात सेगमेंट ठेवायला जागा उरली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

आढावा बैठकीत सल्लागारांकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी आलेख बघितलाही नाही. विचारलं, ‘सलग किती?’

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, एका टोकाने चालायला लागलं तर न थांबता किती स्पॅन चालता येईल? माझ्याकडे तो आकडा नव्हता. एकूण चढवलेले स्पॅन माहीत होते, सलग नाही. मोजले तर अकरा. अकराव्याच्या पुढच्या खांबाचा पायाच झालेला नव्हता, कारण तिथे जमिनीखाली एक मोठी पाण्याची पाइपलाइन निघाली होती आणि ती हलवायची कुणी, कधी, कुणाच्या पैशाने, यावर पत्रं चालली होती. लाँचर, म्हणजे सेगमेंट वर चढवणारं यंत्र, स्पॅनमागून स्पॅन पुढे सरकतो. पुढे खांब नसेल तर त्याला बेडकासारखी उडी मारता येत नाही. उतरवून, सुटा करून पलीकडे पुन्हा उभा करायचा तर आठवडे जातात. यार्ड भरलेलं, लाँचर उभा, आणि माझा आलेख वर वर. तो टक्का खोटा नव्हता, हे आणखी वाईट. एकेक आकडा खरा होता.

तेव्हापासून माझ्या रिपोर्टच्या पहिल्या ओळीत टक्का नसतो. ‘सलग स्पॅन’ असतो, आणि त्याखाली पुढच्या अडलेल्या खांबाचा नंबर, कशाने अडलाय आणि किती दिवस. साहेबांना सुरुवातीला आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही.

त्या अडल्या गोष्टींचं एक रजिस्टर असतं, हिंडरन्स रजिस्टर. नवीन मुलं ते क्लार्कचं काम समजतात. ते रोज भरा, त्याच दिवशी भरा, फोटोसकट भरा, आणि समोरच्या पक्षाची सही घ्या. विजेची केबल, झाड, बसथांबा, विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे न मिळालेला रात्रीचा ब्लॉक (रस्ता बंद करून काम करायची वेळ), सगळं. दोन वर्षांनी मुदतवाढीची फाइल उघडते तेव्हा आठवणींना काडीची किंमत नसते. पावसाचंही तसंच. ‘जुलैमध्ये पाऊस होता’ असं लिहून काही मिळत नाही. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर आणि त्यामुळे कुठलं काम थांबलं, ते लागतं.

मुलींसाठी थोडं वेगळं. रात्रपाळी टाळू नका. ब्लॉक रात्रीच मिळतात आणि शिकायला मिळतं तेही तेव्हाच. पण रुजू होण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे दोन प्रश्न लाज न बाळगता विचारा. मी विचारले नव्हते. पहिले चार महिने रात्री पाणीच प्यायचे नाही, मग डॉक्टरकडे जावं लागलं. सेफ्टी शूज एक नंबर मोठे घ्या, मोजे जाड असतात.

नातेवाईक मात्र सगळीकडे सारखेच. लग्नात जेवायला बसलं की पहिला प्रश्न, ‘मेट्रो कधी?’ त्यांना वाटतं खांब झाले म्हणजे झालं. माझी मावशी खारघरला राहते. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मार्गिकेचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा तिचा मुलगा बालवाडीत होता. ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं. प्रवासी गाडी सुरू झाली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तेव्हा तो अकरावीत होता. मधली कितीतरी वर्षं लोक खांबांखालून रोज ये-जा करत होते आणि वर काहीच हलत नव्हतं.

खांबांनंतर काय काय उरतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पेपरातल्या बातम्या वाचता येतील. स्थानकांचे जिने आणि पादचारी पूल, रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल, कारशेड. चाचणी गाडी धावली की पेपरात फोटो येतो; ठाण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूला धावली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढे वाटायच्या गोष्टी सुरू झाल्या. पण चाचणी गाडी म्हणजे चाचणीच. त्यानंतर आरडीएसओच्या (रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या) चाचण्या, मग मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, त्यांचे शेरे, शेऱ्यांची पूर्तता, आणि मग प्रमाणपत्र. बातमीत ‘ट्रायल रन’ दिसलं की टाळ्या वाजवा, पण ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ दिसेपर्यंत बसचा पास काढत राहा.

शिकायचं काय, याचं उत्तर छोटं आहे. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, चेनेज (मार्गाच्या सुरुवातीपासूनचं अंतर) बघून रस्त्यावरची जागा सांगता आली पाहिजे, एक्सेल नीट, प्रायमाव्हेरा (वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) कामापुरतं. सर्टिफिकेटच्या क्लासला मोठी फी भरण्याआधी निविदांची कागदपत्रं वाचा, ती फुकट उतरवून घेता येतात. त्यातल्या बीओक्यूमध्ये (कामं आणि त्यांच्या परिमाणांच्या यादीत) कुठलं काम कुठल्या एककात मोजतात ते बघितलं तरी मुलाखतीत चार जणांच्या पुढे असाल.

आणि मुलाखतीला येण्याआधी एक महिना हे करा. तीन हात नाक्यापासून मानपाड्यापर्यंत बसच्या खिडकीत बसा, दर रविवारी, त्याच बाजूला. एका लांब कागदावर खांब काढा आणि प्रत्येकासमोर दिसेल ते लिहा. जिथे चार रविवार काहीच बदललं नाही, तिथे उतरा. पत्र्याच्या फटीतून आत बघा, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा. बहुतेक वेळा त्याला माहीत असतं. आमच्या त्या पाइपलाइनबद्दल मला सगळ्यात आधी तिथल्या वडापाववाल्यानेच सांगितलं होतं, मी रिपोर्टमध्ये घेतलं नाही, कारण तसा रकाना नव्हता.