सुट्टीचा शेवटचा दिवस किनाऱ्यावर घालवताय? या चुका टाळा

शेवटचा दिवस समुद्राकाठी रमतगमत घालवायचा असं ठरवून निघालेली मंडळी संध्याकाळी घामाघूम आणि एकमेकांवर चिडलेली दिसतात. चुका दरवेळी त्याच. खोली किती वाजता सोडायची हे सगळ्यांना पाठ असतं, ओहोटी किती वाजता आहे हे एकालाही माहीत नसतं.

भरतीची वेळ न बघता टोकाला वळसा घालणं

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, मधलं अंतर साधारण सव्वासहा तासांचं. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पहिल्या दिवशी पाहून ठेवलेली वेळ चौथ्या दिवशी अडीच तासांनी चुकलेली असते.

खडकाळ टोक ओलांडलं की पलीकडे छोटीशी, निर्मनुष्य पुळण असते. पाच-सहा जणांचा गट पूर्ण ओहोटीनंतर तासाभराने तिथे पोचतो. पाणी लांब, खडक कोरडे. फोटो, डुलकी, गप्पा. दीड तासाने परत निघावं तर मघाच्या वाटेवर कंबरेएवढं पाणी आणि वरून लाटा. मग पहिला शब्द येतो, ‘अचानक’. अचानक काही झालेलं नसतं. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. भरती आणि ओहोटीत 3 मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात ते जेमतेम 25 सेंटिमीटर चढतं, दुसऱ्या तासात 50, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 75. पुढे वेग पुन्हा मंदावतो. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबणारे तिसऱ्या तासात सापडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणात, हा फरक आणखी मोठा असतो.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि ओहोटीच्या वेळेला परत फिरा, मग पलीकडे कितीही छान वाटत असो. तरीही अडकलातच तर लाटांतून धावू नका, कडाही चढू नका. वाळक्या शेवाळाची आणि काटक्या-कचऱ्याची रेघ दिसते, तिथपर्यंत भरती येते. त्या रेघेच्या बऱ्यापैकी वर जागा असेल तर तिथे थांबून फोनवर मदत मागवा.

गाडी वाळूत घालणं

दोनशे पावलं चालायचा कंटाळा, बाकी काही कारण नाही. वरचा थर टणक दिसतो, खाली वाळू भुसभुशीत. चाक रुतलं की अधीर माणूस ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरून स्वतःच खड्डा खणतं, गाडीचं पोट वाळूला टेकतं आणि क्लच जळाल्याचा वास येतो. तिकडे भरती सुरू झालेली असते.

चाक नुसतं फिरतंय असं जाणवताच पाय काढा. सगळ्यांना उतरवा. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हाताने उपसा. टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून वाळूवर जास्त जागा धरतो. ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) त्यांच्याखाली पायपुसणी खरखरीत बाजू वर करून घाला. स्टिअरिंग सरळ ठेवून हळू बाहेर काढा, बहुधा आलेल्या चाकोरीतून रिव्हर्समध्येच सोपं जातं. हवा पुन्हा भरेपर्यंत वेग कमी ठेवा. पाणी जवळ आलं असेल तर यातलं काही करत बसू नका, आधी ट्रॅक्टर शोधा. बाहेर आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवायचा.

बाकीच्या, थोडक्यात

एका दिवसात सात ठिकाणं. तीन पुरे, त्यातलं एक बिनकामाचं बसायला.

बोटीची फेरी दुपारी ठेवणं. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. सकाळी जा, आणि शेवटच्या फेरीवर विसंबू नका.

फुटणाऱ्या लाटांच्या मधला शांत, गडद पट्टा पाहून तिथेच पोहायला उतरणं. पाणी बहुधा तिथूनच आत ओढून नेतं. ओढले गेलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीच्या उलट नाही.

सूर्य बुडताक्षणी उठून जाणं. खरे रंग बरेचदा पुढच्या वीस मिनिटांत येतात.

सनस्क्रीन सकाळी एकदाच लावणं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं, ढग असले तरी.

ओले कपडे बॅगेच्या तळाशी. वेगळी पिशवी हवी, आणि ती शेवटी भरायची.

शेवटच्या दिवशी स्कूबा आणि रात्री विमान, हे तर अजिबात नको. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, त्याआधी उंचावर गेलात तर हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास उड्डाण टाळायचं असतं. उंच घाटरस्त्याने परतणार असाल तर तोही या हिशेबात धरा. स्कूबा सुट्टीच्या पहिल्या दिवसांत उरकून घ्या.